पाऊस, धरण, भाव: एक्सेलमध्ये तीन चार्ट एकाखाली एक ओळीत कसे आणायचे

पाऊस, धरणातलं पाणी आणि सोयाबीनचा भाव. मराठवाड्यात कुठल्याही शेतकरी उत्पादक कंपनीचा हंगामी रिपोर्ट उघडा, हे तीन चार्ट एकाखाली एक लावलेले असतातच, आणि बहुतेक वेळा ते जुळलेले नसतात. वरच्या चार्टात सप्टेंबर जिथं आहे त्याच्या बरोबर खाली दुसऱ्यात ऑगस्ट येतो, तिसऱ्यात अजून तिसरंच काहीतरी, मग वाचणारा वरून खाली बोट फिरवतो आणि त्याला वाटतं पाऊस पडायच्या आधीच धरण भरायलंय. आकडे सगळे खरे असतात पण चित्र चुकीचं सांगतं, आणि मीटिंगमध्ये लोक आकडे बघत नाहीत, चित्रच बघतात.

मी हे रिपोर्ट बनवायचं काम करतो आणि नवीन आलेली पोरं-पोरी याच ठिकाणी अडकताना बघतो, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. मुद्दा एवढाच लक्षात घ्या की चार्टातली जागा एक्सेल स्वतःच्या मनानं वाटतं, आधी टायटल, लेजंड (कुठली रेघ कशाची ते सांगणारी यादी) आणि आकड्यांची लेबलं बसवतं आणि उरलेल्या जागेत तुमचा ग्राफ. लेबल रुंद झालं की ग्राफ उजवीकडं सरकतो. तो वाटप आपण आपल्या हातात घ्यायचा, बाकी सगळं त्यातूनच येतं.

काय काय लागतं

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. मोबाईलच्या ॲपमध्ये हे काम होत नाही, तिकडं वेळ घालवू नका.
- एक्सेल, २०१३ किंवा त्याच्या पुढचं. लिब्रेऑफिस कॅल्क आणि गुगल शीट्सचं शेवटी सांगितलंय.
- रोजचा पाऊस, मिलिमीटरमध्ये, तुमच्या महसूल मंडळाचा. कृषी विभागाच्या महारेन साइटवर मिळतो.
- धरणाचा रोजचा साठा, जलसंपदा विभागाच्या रोजच्या अहवालातून.
- बाजार समितीचा रोजचा सर्वसाधारण दर, क्विंटलमागं.

१. तारखांचा कॉलम एकच ठेवा

तीन ठिकाणाहून तीन फाइली आल्या म्हणून तीन शीट आणि तीन तारखांचे कॉलम, असं करू नका. एक कोरं शीट घ्या, पहिल्या कॉलममध्ये १ जूनपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मेपर्यंत रोजची तारीख ओढून घ्या, रविवार असो, दिवाळी असो, एकही दिवस सोडायचा नाही. मग शेजारी पाऊस, साठा, भाव असे कॉलम, वीलुकअप नाहीतर एक्सलुकअप (तारीख शोधून तिच्यासमोरचा आकडा आणणारे फॉर्म्युले) लावून भरायचे.

इथं एक गोष्ट लई जण चुकवतात. ज्या दिवशी मार्केट बंद होतं त्या दिवशी वीलुकअपला भाव सापडत नाही आणि तो हॅश-एनए असा एरर देतो. दिसायला घाण दिसतं म्हणून लोक त्याला इफएररमध्ये गुंडाळून रिकामी अवतरणं टाकतात. तसं करू नका, तो एरर तसाच राहू द्या. रिकामी अवतरणं म्हणजे चार्टच्या लेखी टेक्स्ट, आणि टेक्स्ट म्हणजे शून्य. हॅश-एनएला मात्र चार्ट शून्य धरत नाही. शीट देखणं पाहिजे असेल तर त्या सेलचा रंग फिका करा, किंवा चार्टसाठीचं शीटच वेगळं ठेवा.

२. तारीख ही खरंच तारीख आहे का

कॉलमची रुंदी वाढवून बघा. खरी तारीख आपोआप उजवीकडं चिकटते, टेक्स्ट झालेली तारीख डावीकडं. कॉम्प्युटरचं रिजन अमेरिकेचं असेल तर ०१/०६/२०२४ ही १ जून न राहता ६ जानेवारी होते, आणि १३/०६/२०२४ ही तारीखच राहत नाही कारण तेरावा महिना नसतो, ती टेक्स्ट होऊन डावीकडं जाऊन बसते. म्हणजे एकाच कॉलममध्ये बारा तारखेपर्यंत उजवीकडं आणि तेरापासून डावीकडं असं दिसलं की समजायचं की वरच्या बारा पण चुकल्यात, नुसत्या खालच्या दुरुस्त करून भागणार नाही.

उपाय: विंडोजच्या सेटिंगमध्ये रिजन इंग्लिश इंडिया करा आणि मूळ फाइल परत नव्यानं आणा. आलेला डेटा टेक्स्ट असेल तर कॉलम सिलेक्ट करून डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय.

३. 'निरंक', 'बंद' आणि 'अप्राप्त'

आपल्या सरकारी आणि समितीच्या तक्त्यात हे तीन शब्द हमखास असतात. पावसाच्या कॉलममध्ये 'निरंक' असेल तर चार्टात शून्य दिसतं आणि ते योगायोगानं बरोबरच असतं, पण बेरीज-सरासरी करायची असेल तर तिथं ० टाका, कारण सरासरी त्या शब्दाला मोजतच नाही. भावाच्या कॉलममध्ये 'बंद' लिहिलेलं असलं की मात्र बट्ट्याबोळ, दर रविवारी सोयाबीनची रेघ साडेचार हजारावरून थेट जमिनीवर येते आणि सोमवारी परत वर. साठ्याच्या कॉलममध्ये 'अप्राप्त' असलं की धरण एका दिवसात रिकामं होऊन दुसऱ्या दिवशी भरतं.

वीलुकअपनं भरलेले कॉलम आधी कॉपी करून त्याच जागी पेस्ट व्हॅल्यूज करा, कारण रिप्लेस फॉर्म्युल्याच्या उत्तरात शोधत नाही, आणि मूळ फाइलीतला सेल रिकामा केला तर वीलुकअप ० आणतो. मग फाइंड अँड रिप्लेसनं 'बंद' आणि 'अप्राप्त' काढून सेल रिकामे करा, हॅश-एनए तसेच राहू द्या. नंतर चार्ट बनला की त्यावर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, खाली डावीकडं हिडन अँड एम्प्टी सेल्स, तिथं 'कनेक्ट डेटा पॉइंट्स विथ लाइन' निवडा. म्हणजे शनिवार ते सोमवार रेघ सरळ जोडली जाते. त्याच खिडकीत हिडन रोज आणि कॉलम्सचा डेटा दाखवायची टिक आहे ती पण करून टाका, नाहीतर कुणी शीटवर फिल्टर लावला की चार्टातून महिनेच्या महिने गायब होतात.

४. पहिला चार्ट: ज्याची लेबलं सगळ्यात रुंद त्याचा

पावसाच्या ॲक्सिसवर, म्हणजे कडेच्या आकड्यांच्या पट्टीवर, २०० असे तीन आकडे, साठ्यावर १००, भावावर ५,५००. सगळ्यात रुंद लेबल भावाचं. म्हणून पहिला चार्ट भावाचा बनवायचा, कारण त्याला पुरेल एवढी जागा डावीकडं सोडली की बाकी दोघांना ती पुरतेच. उलटं केलं, म्हणजे पावसाच्या हिशोबानं जागा सोडली, तर भावाचे आकडे ॲक्सिसच्या टायटलवर जाऊन चढतात.

तारीख आणि भाव हे दोन कॉलम घेऊन साधा लाइन चार्ट टाका. स्कॅटर घेऊ नका. स्कॅटरमध्ये तारीख म्हणजे नुसता नंबर, १ जून २०२४ म्हणजे ४५४४४, आणि महिने कधी ३० कधी ३१ दिवसांचे असल्यानं त्याच्या रेघा महिन्याच्या एक तारखेवर पडत नाहीत.

मग साइज. चार्टच्या बाहेरच्या कडेवर क्लिक करा, वर फॉरमॅट टॅबच्या उजव्या टोकाला उंची आणि रुंदीचे दोन रकाने आहेत. उभ्या ए-फोरवर तीन चार्ट बसवायचे तर रुंदी १७ सेंटिमीटर आणि उंची ७ ठीक पडते. माउसनं ओढून अंदाजे साइज ठेवू नका, आकडा टाइप करा.

५. प्लॉट एरिया आपल्या ताब्यात घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, घाई करू नका.

लेजंड काढून टाका, एकच रेघ असल्यावर लेजंडची गरज नाही. टायटल ठेवायचं तर एका ओळीचं ठेवा. आता ग्राफच्या आतल्या रिकाम्या जागेत, ग्रिडलाइनवर नाही, दोन रेघांच्या मधोमध क्लिक करा. नक्की काय सिलेक्ट झालंय ते फॉरमॅट टॅबच्या डाव्या टोकाला लिहून येतं, तिथं प्लॉट एरिया दिसलं पाहिजे, नसेल तर त्याच यादीतून निवडा. चौकटीला आठ ठिपके येतील. डावीकडचा मधला ठिपका धरून चौकट उजवीकडं ओढा, आकडे आणि ॲक्सिसचं टायटल आरामात बसेल एवढी जागा सोडा. उजवीकडं पण थोडी सोडा, शेवटच्या महिन्याचं नाव कापलं जात असतं. वर-खाली पण एकदा हलवून घ्या.

हे ओढल्यानं काय होतं तर आत्तापर्यंत ऑटोमॅटिक असलेला लेआउट मॅन्युअल होतो. चार्टच्या रुंदीच्या इतक्या हिश्श्यावर ग्राफ सुरू आणि इतक्या हिश्श्यावर संपला, असं फाइलमध्ये लिहिलं जातं, आणि पुढं आकडे लहान होवोत की मोठे, ग्राफची चौकट जागची हलत नाही. हिश्श्यात लिहिलं जातं हे ध्यानात ठेवा, म्हणूनच तिन्ही चार्टची बाहेरची रुंदी सारखी पाहिजे.

प्लॉट एरियाला आकडा टाइप करायची सोय एक्सेलच्या मेनूत नाही. फक्त मॅक्रोतून (एक्सेलमध्येच लिहायचा छोटा प्रोग्रॅम) देता येतो, प्लॉटएरियाच्या इनसाइडलेफ्ट आणि इनसाइडविड्थ या दोन प्रॉपर्टी, आकडा पॉइंटमध्ये, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ज्यांना दर महिन्याला ढिगानं चार्ट करायचेत त्यांनी हे शिकून घ्या, बाकीच्यांचं कॉपी करून भागतं, ते पुढं येतंय.

६. आडवा ॲक्सिस: तारखेचा

खालच्या तारखांवर डबल क्लिक करा, उजवीकडं फॉरमॅट ॲक्सिस उघडतं. यातल्या चार गोष्टी एक्सेलवर सोडायच्या नाहीत.

ॲक्सिस टाइप 'डेट ॲक्सिस' करा. टेक्स्ट ॲक्सिस असेल तर एक्सेल नुसते पॉइंट मोजून सारख्या अंतरावर मांडतं, मग ज्या फाइलीत रविवार नाहीत तिच्यातला ऑक्टोबर आणि रोजच्या पावसातला ऑक्टोबर कधीच एका रेषेत येत नाही.

बाउंड्समध्ये मिनिमम १-६-२०२४ आणि मॅक्सिमम ३१-५-२०२५ हातानं टाका, बरोबर दिसत असलं तरी टाका. टाकल्यावर शेजारचं ऑटो जाऊन तिथं रिसेट दिसतं, म्हणजे ते पक्कं झालं.

मेजर युनिट, म्हणजे दोन लेबलांमधलं अंतर, १ महिना, आणि बेस युनिट दिवस. बेस युनिट चुकून महिना राहिलं तर त्या महिन्याचे सगळे दिवस एकाच जागी एकावर एक पडतात आणि रेघेच्या जागी उभे खांब दिसतात.

शेवटचं ॲक्सिस पोझिशन, 'ऑन टिक मार्क्स' की 'बिटवीन टिक मार्क्स'. तिन्ही चार्टात बिटवीन ठेवा. पावसाचे कॉलम (शीटमधले नाही, चार्टातले उभे पट्टे) ऑन टिक मार्क्सवर ठेवले तर पहिला आणि शेवटचा कॉलम अर्धा कापला जातो. रोजच्या डेटात हा फरक अर्ध्या दिवसाचा, दिसत पण नाही, पण महिन्याची बेरीज घेऊन बारा कॉलमचा चार्ट केला तर तोच फरक अर्ध्या महिन्याचा होतो आणि सगळं सरकलेलं दिसतं.

७. उभा ॲक्सिस

इथं पण मिनिमम, मॅक्सिमम आणि मेजर युनिट हातानं टाका. भावाला समजा ३,५०० ते ५,५०० आणि ५०० ची पायरी, म्हणजे चार घरं. साठा टक्क्यांत ० ते १००, पायरी २५, परत चार घरं. पाऊस ० ते २००, पायरी ५०, चारच. तिन्ही चार्टात आडव्या रेघा सारख्या अंतरावर आल्या की पान एकदम नीट दिसतं.

सावध राहायची जागा: एखाद्या मंडळात एका दिवसात २०० च्या वर पाऊस झाला तर कॉलम वरच्या कडेला गुपचूप कापला जातो, एक्सेल काही सांगत नाही. म्हणून डेटातला सगळ्यात मोठा आकडा मॅक्स फॉर्म्युल्यानं आधी बघा.

रेघेचा ॲक्सिस शून्याच्या वरून सुरू केलेला चालतो. कॉलमचा मात्र शून्यावरूनच पाहिजे, कारण कॉलमची उंची म्हणजेच आकडा. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाची, पातळी फुटात दाखवणार असाल तर पूर्ण भरल्यावर १५२२ फूट, तिथं शून्यापासून ॲक्सिस घेतला तर वर्षभराची चढउतार एका सपाट रेघेत दबून जाते, खालची हद्द तुमच्या डेटातल्या सगळ्यात कमी पातळीच्या थोडी खाली घ्या. आणि टक्के दाखवत असाल तर कशाचे ते ॲक्सिसच्या टायटलमध्ये लिहा. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि उपयुक्त साठा २,१७१, रोज जे टक्के छापून येतात ते उपयुक्त साठ्याचे असतात, दोन्ही एका कॉलममध्ये मिसळले तर कितीबी अलाइनमेंट केली तरी उपयोग नाही.

हमीभावाची आडवी रेघ लई जण इन्सर्ट शेप्समधून काढतात. ॲक्सिसची हद्द बदलली की ती रेघ भलत्याच आकड्यावर जाऊन बसते. शीटमध्ये अजून एक कॉलम करा, सप्टेंबरअखेरपर्यंत ४,६०० आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ४,८९२, आणि तो कॉलम दुसरी सिरीज म्हणून चार्टात घ्या. अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची रेघ पण अशीच.

८. कॉपी करा, नवा चार्ट टाकू नका

भावाचा चार्ट पक्का झाला की तो कॉपी करून पेस्ट करा. पेस्ट झालेल्यात साइज, प्लॉट एरिया, तारखेच्या हद्दी, सगळं तसंच येतं. आता रेघेवर क्लिक केलं की शीटमध्ये भावाच्या कॉलमभोवती रंगीत चौकट दिसेल, तिची कड धरून ती साठ्याच्या कॉलमवर सरकवा. चार्ट वेगळ्या शीटवर असेल तर फॉर्म्युला बारमध्ये सिरीजचा फॉर्म्युला दिसतो, तिथं कॉलमचं अक्षर बदला. हमीभावाची सिरीज डिलीट करा. उभ्या ॲक्सिसच्या हद्दी बदला. झाला दुसरा.

तिसऱ्यासाठी, म्हणजे पावसासाठी, परत तसंच, वर चेंज चार्ट टाइपमधून कॉलम करा आणि कॉलमवर राइट क्लिक करून गॅप विड्थ शून्य, नाहीतर ३६५ कॉलम केसासारखे बारीक दिसतात. चार्ट टाइप बदलल्यावर सहाव्या पायरीतल्या चारही गोष्टी एकदा परत बघून घ्या.

९. एकाखाली एक लावा आणि तपासा

कंट्रोल दाबून तिन्ही चार्ट सिलेक्ट करा, फॉरमॅट टॅबमध्ये अलाइन, त्यात अलाइन लेफ्ट, मग डिस्ट्रिब्यूट व्हर्टिकली. एकेक चार्ट हलवताना ऑल्ट दाबून ठेवला तर त्याची कड सेलच्या रेघेला चिकटते. पण ऑल्टनं फक्त बाहेरची कड जुळते, आतला ग्राफ नाही, नुसतं ऑल्टनं लावून काम झालं असं समजू नका.

मग गवंडी ओळंबा सोडून भिंत बघतो तसं करा: इन्सर्ट शेप्समधून एक रेघ घ्या, शिफ्ट दाबून वरच्या चार्टातल्या १ ऑक्टोबरपासून सरळ खाली तिसऱ्या चार्टापर्यंत ओढा. तिन्हीत ती १ ऑक्टोबरवरच पडली पाहिजे. मग १ जून आणि १ मे ला पण टाकून बघा, कारण डावी कड जुळली आणि उजवी नाही असं पण होतं. जुळत नसेल तर पहिल्यांदा बाहेरची रुंदी बघा, मग तारखेचे बाउंड्स. तपासून झालं की रेघा डिलीट करा.

१०. एकाच चार्टात दोन ॲक्सिस पाहिजेतच असतील

माझं मत विचाराल तर करू नका. पाऊस आणि साठा एकाच चार्टात टाकून उजव्या ॲक्सिसची हद्द पाहिजे तशी हलवली की पाहिजे तो संबंध दाखवता येतो, आणि वाचणाऱ्याला कुठली रेघ कुठल्या बाजूची हे शोधत बसावं लागतं. तरी साहेबांनी मागितलाच तर साठ्याच्या सिरीजवर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा सिरीज, सेकंडरी ॲक्सिस. दोन्हीकडं घरं सारखी ठेवा, डावीकडं ० ते २५० पायरी ५०, उजवीकडं ० ते १०० पायरी २०, पाच-पाच घरं, म्हणजे रेघा एकमेकांवर बसतात.

आकडे उणे जात असतील, भावातली वाढ-घट वगैरे, तर दोन्हीकडचं शून्य एका उंचीवर आणायला खालच्या-वरच्या हद्दीचं प्रमाण सारखं लागतं. डावीकडं उणे ५०० ते १,००० असेल तर उजवीकडं उणे ५० ते १००. आणि उणे आकड्यांमुळं महिन्यांची नावं कॉलमच्या मधे घुसतात, त्यासाठी आडव्या ॲक्सिसच्या लेबल्समध्ये लेबल पोझिशन 'लो' करा.

११. आठ जिल्ह्यांचा चार्ट

उभ्या कॉलमखाली 'छत्रपती संभाजीनगर' बसत नाही, सगळी नावं तिरकी होतात आणि ग्राफ निम्मा होतो. आडवा बार चार्ट घ्या. त्यात यादी उलटी दिसते, पहिला जिल्हा सगळ्यात खाली. नावांच्या ॲक्सिसवर डबल क्लिक करून 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' टिक करा, आकड्यांचा ॲक्सिस वर गेला तर तिथंच 'ॲट मॅक्सिमम कॅटेगरी' निवडा, तो खाली येतो. नावं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली नावं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भलतीच अक्षरं होऊन दिसतात.

१२. हलू नये म्हणून, आणि पाठवायचं कसं

चार्टवर राइट क्लिक, फॉरमॅट चार्ट एरिया, प्रॉपर्टीजमध्ये 'डोन्ट मूव्ह ऑर साइज विथ सेल्स'. हे केलं नाही तर कुणी मधल्या रो लपवल्या की एकच चार्ट आखडतो. नंतर तिन्ही सिलेक्ट करून ग्रुप करा. वर्डमध्ये नेताना ग्रुप कॉपी करून पिक्चर म्हणून पेस्ट करा, एकेक चार्ट वेगळा नेला तर वर्ड प्रत्येकाची साइज वेगळी करू शकतं. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट न टाकता पीडीएफ टाका, बारीक महिने वाचता येतात.

कॅल्क आणि गुगल शीट्सवाल्यांसाठी

कॅल्कमध्ये चार्टवर आधी डबल क्लिक करून आत शिरावं लागतं, मग ॲक्सिसवर डबल क्लिक. हद्दी स्केल टॅबमध्ये आहेत, तारखेचा टाइप पण तिथंच. एक्सेलच्या 'लो'चं काम पोझिशनिंग टॅबमध्ये प्लेस लेबल्स 'आउटसाइड स्टार्ट' करून होतं. एक्सेलची फाइल कॅल्कमध्ये उघडली तर फॉन्ट बदलून लेबलं कमी-जास्त होतात, म्हणून नवव्या पायरीतली रेघ तिथं परत ओढून बघा.

गुगल शीट्समध्ये चार्ट एडिटरच्या कस्टमाइझमध्ये उभ्या ॲक्सिसचे मिनिमम-मॅक्सिमम देता येतात, आणि चार्टच्या आतल्या ग्राफवर क्लिक करून त्याची चौकट ओढता येते. कॉपी करून डेटा बदलायची युक्ती तिथं पण चालते, फक्त तारखांचा कॉलम पूर्ण पाहिजे.